पाणकणीस आणि बाभूळ यांच्यामधली पाण्याची पट्टी

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर जलाशयाकाठची जी बाभूळ मागच्या नोंदीतल्या छायाचित्रात पाणकणसांआड अडली होती, ती अखेर मोकळी झाली. समोरच्या पाणकणसांचे शेंडे पलीकडच्या काठावरील बुंध्यावर नेमके चढत होते, त्यामुळे ते झाड पाण्याकाठी उभे न वाटता गवतातूनच उगवल्यासारखे दिसत असे. पाणकणीस वाकवणे किंवा तोडणे हा मार्ग मला मान्यच नाही. ते अभयारण्य आहे, आणि राज्यातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) ठरलेली ही जागा आहे.

अडचणीचे मूळ कॅमेऱ्याच्या उंचीत होते. कॅमेरा ज्या उंचीवर असतो, तेवढ्या उंचीची प्रत्येक वस्तू, ती जवळ असो वा दूर, सपाट प्रदेशात क्षितिजरेषेवरच येते. पाणकणीस सहज २ मीटरच्या वर वाढते आणि माझी तिपाई दीड मीटरवर थांबते. म्हणजे शेंडे क्षितिज ओलांडणार आणि क्षितिजाच्या किंचित खाली असलेला बुंधा झाकणार, हे ठरलेलेच. लेन्स बदलून यात काडीचाही फरक पडत नाही, कारण काय कशाआड जाईल हे केवळ कॅमेऱ्याच्या जागेवर अवलंबून असते.

म्हणून या वेळी काठालगतच्या मातीच्या बांधावर चढून, पाण्यापासून साधारण साडेतीन मीटर उंचीवरून चौकट बांधली. शेंडे खाली उतरले आणि त्यांच्या व बुंध्याच्या मधे उजळ पाण्याची अरुंद पट्टी उघडली. एक चांदवा पक्षी त्या पट्टीतून पोहत गेला, तेव्हा त्याच्यामागे उमटलेली बारीक रेघसुद्धा झाडापासून वेगळी वाचता येत होती. हे छायाचित्र मोठ्या आकारात छापायचे नक्की केले आहे.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, मात्र काढून ठेवला. पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनात तो पाण्यावरचे प्रतिबिंब सर्वाधिक पुसतो. दूरच्या पट्टीवर त्याचा परिणाम थोडाच होतो, पण बांधाच्या पायथ्याचे पाणी काळवंडते आणि एक ते दीड स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). वाऱ्यात डुलणारी पाती स्थिर मिळण्यासाठी मला निदान १/२५० सेकंदाचा शटर वेग हवा असतो, तेव्हा पहाटेच्या उजेडात हा सौदा परवडत नाही. शिवाय स्वस्त फिल्टरची पिवळसर झाक धुक्याच्या करड्या छटा बिघडवते. घ्यायचाच असेल तर चांगला घ्यावा, नाहीतर घेऊच नये.

यानंतर बांधावरूनच मागे सरून २०० मिमीच्या लेन्सने झाड मोठे करण्याचा बेत होता, परंतु मागे जाताच शेंड्यांकडे पाहण्याचा उतार कमी झाला आणि पट्टी जवळजवळ मिटली. त्यामुळे तो बेत सोडून बांधाच्या अगदी कडेवरून ८५ मिमी वापरणार आहे.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट सुचली. दाट धुके पाणकणीस आणि बाभूळ यांच्यामधे उतरले, तर दोघांना छटाच वेगळे करील आणि कॅमेरा पुन्हा खाली, पात्यांच्या उंचीवर नेता येईल. त्यासाठी डिसेंबर-जानेवारीतली वारा पडलेली पहाट हवी, आणि कालव्यांना आवर्तन सुटण्यापूर्वीची, म्हणजे सिंचनासाठी जलाशयातले पाणी सोडले जाण्यापूर्वीची हवी. कारण पाणी उतरले की पलीकडच्या काठाला गाळाचा काळा पट्टा उघडा पडतो आणि बुंधा त्यात पुन्हा बुडून जातो.