तुम्ही विचारलंत म्हणून: बेंच ड्रिलला लाकडी स्टँड पेलेल का?

लाकडी स्टँडचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: वजन पेलेल का? पेलेल. बेंच ड्रिल म्हणजे टेबलावर बसवायचं, भोकं पाडायचं उभं मशीन; 13 मिमी चकच्या (बिट पकडणाऱ्या जबड्याच्या) बेंच ड्रिलचं वजन साधारण 20 ते 50 किलो असतं आणि तीन इंची चार पाय त्याच्या कितीतरी पट भार घेतात. विचारायला हवं ते वेगळंच: हलेल का? घरगुती स्टँड सहसा मोडत नाहीत, ते डुगडुगतात. मशीन चालू केलं की वरचा भाग डुलतो, बिट टेकवताना जागेवरून सरकतं, भोक लंबगोल पडतं आणि दोष जातो मशीनला.

कारण सोपं आहे. चार पाय आणि वर-खाली चार-चार आडव्या पट्ट्या एवढंच असलं, तर सगळा ताठपणा सांध्यांवर येतो, आणि लाकडाचा सांधा कितीही छान केला तरी केसभर हलतोच. पाय आणखी जाड करून त्यात फारसा फरक पडत नाही. मागे आणि दोन्ही बाजूंना 12 मिमीचा प्लाय मारला, तर चौकट तिरकी व्हायला वावच राहत नाही. बजेट कमी असेल तर लाकूड हलक्या प्रतीचं घ्या, पण हे तीन प्लाय टाळू नका.

उंची आधी ठरवा. ड्रिलचं टेबल मधल्या जागी आणलं की ते तुमच्या कोपराच्या उंचीला यायला हवं. बहुतेकांना त्यासाठी स्टँड 28 ते 30 इंच लागतो. खालची मापं 29 इंच उंचीची आहेत: पाय 27, वरचा थर दीड इंचाला थोडा कमी, तळाचं रबर अर्धा इंच.

पाय तीन बाय तीनचे, 27 इंचांचे चार, म्हणजे 9 फूट. आडव्या पट्ट्या तीन बाय दीडच्या: 20 इंचांच्या चार आणि 22 इंचांच्या चार, मिळून 14 फूट. हिशेब केला तर हे बरोबर 1 घनफूट भरतं; कापणी-रंध्यात जाणारं धरून सव्वा घनफूट मागा. वरच्या थरासाठी 18 मिमी प्लायचे 22 बाय 24 चे दोन तुकडे, एकावर एक चिकटवून. खालच्या फळीसाठी त्याच प्लायचा 20 बाय 22 चा एक. हे तिन्ही 4 बाय 4 फुटांच्या अर्ध्या शीटमधून निघतात, पण मोठ्या दोन तुकड्यांच्या 22 च्या बाजू शेजारी-शेजारी ठेवा. 24 अधिक 24 केलंत तर करवतीच्या जाडीलाही जागा उरत नाही. 12 मिमीचे तुकडे 17 बाय 22 चे दोन आणि 17 बाय 20 चा एक.

लाकूड पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून घ्या. पाडलेल्या वाड्यातलं जुनं सागवान मिळालं तर उत्तमच, ते पुरतं वाळलेलं असतं. फक्त रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर पातं गेलंच म्हणून समजा. चाकण-भोसरीकडून भंगारात येणारं पॅकिंगचं पाइनही चालतं. त्यावर एचटी शिक्का असला तर ते उष्णतेने निर्जंतुक केलेलं असतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घरात आणू नका. नवं लाकूड घेताय तर डोळ्यासमोर धरून लांबीकडे बघा. थोडा बाक रंध्याने निघतो. पीळ असेल तर परत ठेवा. बाजारातलं तीन इंच रंधा मारल्यावर दोन-तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी भरतं, म्हणून आडव्या पट्ट्या बसवायच्या पायातल्या खाचा फूटपट्टीने मोजून आखू नका. प्रत्यक्षातली आडवी पट्टी पायावर ठेवून आखा.

खाच पायाच्या बाहेरच्या अंगाला, 4 सूत खोल. भार त्या खाचेवर टेकतो, बोल्टने फक्त सांधा आवळून धरायचा असतो. खाच न करता नुसत्या बोल्टवर पट्टी टांगली की काही महिन्यांत भोक मोठं होतं. वरच्या पट्ट्या पायाच्या टोकाशी सपाट, खालच्यांचा तळ पायाच्या खालच्या टोकापासून 4 इंचांवर. मधे 17 इंच उरतात, तीच बाजूच्या प्लायची उंची.

बोल्ट एम 10 (म्हणजे 10 मिमी जाडीचे), 120 मिमी लांब, गोल डोक्याचे कॅरेज बोल्ट, एकूण 24. नटाखाली 30 मिमीचा मोठा वॉशर हवाच. लहान वॉशर लाकडात रुततो आणि आवळलेला बोल्ट आपोआप सैल होतो. इथे एक हमखास फसणारी जागा आहे. पायाच्या दोन्ही अंगांना एकाच उंचीवर पट्ट्या येतात, त्यामुळे बोल्ट आत एकमेकांना आडवे जातात. म्हणून पुढच्या-मागच्या पट्टीला दोन-दोन बोल्ट, वरच्या आणि खालच्या कडेपासून पाऊण इंचावर, आणि बाजूच्या पट्टीला मधोमध एकच. बोहरी आळीत हे सगळं एका दुकानात मिळतं, किलोवर घेतलं तर स्वस्त.

भोकं सरळ पाडायला ड्रिल मशीन हवं, आणि तेच तर स्टँडची वाट बघतंय! मग ते जमिनीवरच एका जाड फळीला बोल्टने बांधा आणि बसून काम करा. नेहमीच्या 10 मिमी बिटची एकूण लांबी 133 मिमी असते, त्यातली कापणारी 87. पट्टी आणि खाचेतला पाय मिळून 100 मिमी होतात, त्यामुळे पट्टी वेगळी भोकायची आणि तिच्यातून पायावर खूण करायची. पायातले 63 मिमी बहुतेक लहान मशीनच्या एका खेपेत जात नाहीत. 40-50 मिमी गेलं की बिट वर घ्या, भुसा काढा, टेबल उचला आणि पुढे चला.

आधी सगळं फेविकॉलशिवाय जोडून बघा. वरून दोन्ही कर्ण मोजा: पायांच्या बाहेरच्या कोपऱ्यांमधे ते पावणेतीस इंचांच्या आसपास येतील. नेमका आकडा सोडा, दोघांमधला फरक एक सुताच्या आत हवा. जास्त असेल तर लांब कर्णाला शिकंजा लावून ओढा. मग एकेक सांधा उघडा, फेविकॉल लावा, आवळा, आणि लगेच तीन प्लाय पायांवर चिकटवून दर चार इंचांवर स्क्रू मारा. फेविकॉल ओला असताना प्लाय बसला, तर चौकट गुण्यात (काटकोनात) राहते. दुसऱ्या दिवशी बसवायला गेलात तर जो वाकडेपणा सुकला तोच पक्का होतो. खालच्या फळीचे चार कोपरे पायांसाठी कापा आणि तिच्याखाली आतून दीड इंची पट्टी द्या, कारण त्या फळीवर वजन येणार आहे.

ते वजन म्हणजे वाळू. ड्रिलचं डोकं आणि मोटर वरच असतात, त्यामुळे अख्खा जिन्नस वरून जड होतो. खाली 25 किलोची दोन पोती ठेवली की स्टँडला बूड येतं. भाड्याच्या फ्लॅटमधे फरशीला भोक पाडता येत नाही, तिथे तर हाच उपाय.

मशीन सुटं करून चढवा: आधी बेस आणि खांब, मग दोघांनी मिळून डोकं. खांब स्टँडच्या मध्याच्या थोडा मागे ठेवा. बिडाचा बेस क्वचितच सपाट असतो. एका कोपऱ्याखाली फट असताना बोल्ट जोरात आवळला, तर बीड वाकत नाही, तडकतं. फट असेल तिथे पत्र्याची चकती सरकवा, मग आवळा. बेसखाली जाड स्पंज घालायचा सल्ला अनेकजण देतात, तो ऐकू नका. मशीन त्याच्यावर डुलतं.

शहाबादी फरशी असलेल्या जुन्या घरात चौथा पाय हवेत राहणारच. स्टँड समतल होईपर्यंत पाचरी घाला, मग सर्वात मोठ्या फटीएवढा ठोकळा फरशीवर ठेवून चारही पायांवर सभोवार पेन्सिल फिरवा आणि त्या रेघेवर कापा. कापल्यावर टोकांना दोन हात व्हार्निश. फरशी पुसताना पाणी तिथूनच वर चढतं, आणि वाळवीलाही ओली टोकंच आवडतात. रबर त्यानंतर ठोका.

पुण्यात लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि मार्च ते मे आक्रसतं, तेव्हा बोल्ट होळीच्या सुमारास एकदा आणि दिवाळीनंतर एकदा आवळा. फुगलेल्या लाकडावर भर पावसात करकचून आवळलं, तर वॉशर लाकडात घुसतो आणि उन्हाळ्यात सगळं खुळखुळतं.

हाच स्टँड ग्राइंडरला चालेल का, हेही विचारतात. चालेल, पण वरच्या थरावर आणि मागे पत्रा मारा, आणि त्याच्या आसपास भुसा साठू देऊ नका; ठिणगी भुशात पडून तासाभराने धूर निघू शकतो. लहान लेथला मात्र माझा नकार आहे. लेथच्या बेडला (खालच्या लांब पायाला) पीळ चालत नाही, आणि ऋतूप्रमाणे हलणाऱ्या लाकडावर तो सरळ राहील याची खात्री देता येत नाही. तिथे जाड लोखंडी चौकट करून घ्या, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ती पिळली नाही ना, हे पैसे देण्याआधी सपाट फरशीवर ठेवून बघा.