८५२ महिने मागे

पुण्यात नोकरीला होते तेव्हा माझं काम युजेबिलिटी टेस्टिंगचं होतं. थोडक्यात असं: दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं ॲप लोकांपुढे ठेवायचं, "मनात येईल ते बोलत बोलत वापरा" असं सांगायचं आणि आपण गप्प बसायचं. कोण कुठे अडलं, कुठे चुकून मागे गेलं, किती वेळ लागला, सगळं टिपायचं. शेवटी दहा विधानांची प्रश्नावली भरून घ्यायची. वस्तू वापरायला किती सोपी ते मोजणारी ही 'सिस्टिम युजेबिलिटी स्केल' जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये इंग्लंडातल्या रेडिंगमध्ये, डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना तयार केली. त्याच रेडिंगमध्ये आता माझं घर आहे. इथे आले तेव्हा वाटलं, या कामाच्या माहेरीच आलोय, इथेही हेच करत राहू.

एका बैठकीत मी अहवाल वाचत होते. जन्मतारखेसाठी वर्षांची लांबलचक यादी उघडते, वयस्कर माणसं त्यात हरवतात, गांभीर्य जास्त. टीमची प्रमुख म्हणाली, "मग त्या जागी काय ठेवू या?" पुण्यात हा प्रश्न माझ्याकडे कधी आलाच नव्हता, तो डिझायनरकडे जायचा. इथे डिझायनर नोकरी सोडून गेला होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, काढून आणते.

मी कॅलेंडर काढलं. महिना वर, तारखा खाली, दोन्ही बाजूंना बाण. दिसायला छान होतं.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची चाचणी झाली. समोर बसलेल्या आजी १९४८ च्या नोव्हेंबरात जन्मलेल्या. त्यांनी मागे जायचा बाण दाबला. एका दाबात एक महिना. म्हणजे जन्मापर्यंत पोहोचायला ८५२ वेळा दाबायचं. त्यांनी तक्रार केली नाही, शांतपणे दाबत राहिल्या. बऱ्याच वेळाने माउस बाजूला ठेवून म्हणाल्या, "हे मी मुलाला भरायला सांगेन."

असली वाक्यं मी वर्षानुवर्षं कागदावर उतरवली होती. त्या दिवशी पेन उचललं गेलं नाही. त्या बाईंनी स्वतःचं काम मुलावर सोपवलं, ते मी काढलेल्या चित्रामुळे.

कॅलेंडर जवळची तारीख निवडायला चांगलं. पुढच्या आठवड्यात शनिवार कधी येतो ते त्यात दिसतं. जन्मतारीख शोधावी लागत नाही, ती तोंडपाठ असते. तिच्यासाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन रिकामे चौकोन पुरतात. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्ये हेच सांगितलंय. २०१२ मध्ये त्यांनी सगळ्या खात्यांसाठी 'गव्ह डॉट यूके' ही एकच साइट सुरू केली. फॉर्म कसे असावेत याचे त्यांचे नियम आज कुणालाही वाचता येतात. मी ते आधी वाचलेही होते.

त्यानंतर मी रीतसर इंटरॅक्शन डिझायनर झाले, म्हणजे माणूस यंत्राशी कसा व्यवहार करेल ते आखणारी. 'इंटरॅक्शन डिझाइन' हे नाव बिल मॉग्रिज आणि बिल व्हर्प्लँक या डिझायनरांनी १९८० च्या दशकात रूढ केलं. मॉग्रिज मूळचे लंडनचे. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या 'ग्रिड कंपास' या लॅपटॉपचा आकार त्यांनी घडवला. मग तो स्वतः वापरायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण बिजागरी नि झाकण विसरून पडद्यावरच्या गोष्टींतच गुंतलोय. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो.

नव्या कामात सगळ्यात जास्त वेळ बोलण्यात जातो. अहवाल दिला की पूर्वी माझं काम संपायचं. आता डेव्हलपरला, कायद्याच्या माणसाला, पत्रं छापणाऱ्या विभागाला पटवावं लागतं. नावाचा रकाना हे त्यातलं आपल्याला कळेल असं उदाहरण. फॉर्मवर 'फर्स्ट नेम', 'मिडल नेम', 'लास्ट नेम' असे तीन रकाने होते. इथलं मधलं नाव म्हणजे माणसाचं स्वतःचंच दुसरं नाव. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. ते कुठे लिहायचं हे मला स्वतःला इथे आल्यावर कितीदा तरी सुचलं नव्हतं. दक्षिणेकडच्या कितीतरी लोकांना तर आडनावच नसतं. मी एकच रकाना सुचवला: पूर्ण नाव. हे मान्य करून घ्यायला चार महिने लागले.

पुण्यामुंबईतून बरेच जण विचारतात, टेस्टिंगमधून डिझाइनमध्ये जाता येतं का? येतं. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या विभागासारख्या ठिकाणी शिकायला मिळालं तर उत्तमच, मला ते मिळालं नाही. इथल्या मुलाखतीत माझी चित्रं कुणी फार वेळ पाहिली नाहीत. काय काय करून पाहिलं, त्यातलं काय टाकून दिलं आणि का, हेच विचारत राहिले. मी कॅलेंडरची गोष्ट सांगितली. आणि लोकांसमोर गप्प बसायची सवय सोडू नका, ती डिझायनरला फार लागते.

सध्या अडलंय ते पत्राच्या मायन्यापाशी. नाव एकाच रकान्यात आलं की 'प्रिय' च्या पुढे काय छापायचं ते यंत्राला कळत नाही. पूर्ण नाव छापलं तर इथल्या लोकांना ते बँकेच्या नोटिशीसारखं वाटतं. "तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?" असा वेगळा रकाना मी काढलाय. गुरुवारी सहा जण तो भरून बघायला येणार आहेत.