तात्पर्य

दुपारी भाचीला मुंगी आणि टोळाची गोष्ट वाचून दाखवत होते. डोळे मिटायला आले होते. माझे, तिचे नव्हेत. टोळ उन्हाळाभर गायला, मुंगीनं दाणे साठवले, थंडी पडली, टोळ दाराशी आला. मुंगी म्हणाली, "तेव्हा गात होतास ना, मग आता नाच." खाली ठळक अक्षरांत 'तात्पर्य'. ते वाचायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मग टोळ मेला का?"

मी पान उलटलं. तिथे द्राक्षं आणि कोल्हा.

तात्पर्य हा शब्द दिसला की अजून माझ्या पोटात गोळा येतो. परीक्षेत दोन मार्कांना हमखास असायचं : 'या गोष्टीचे तात्पर्य एका वाक्यात लिहा.' एकदा याच गोष्टीखाली मी लिहिलं होतं, 'मुंगीकडे काही मागू नये.' त्यावर लाल शाईची आडवी रेघ आणि समासात भोपळा. बाईंनी वर्गात मोठ्यानं वाचूनही दाखवलं, मग काय विचारता. बरोबर उत्तर होतं आळसाबद्दल. पण टोळ आळशी कुठे होता? उन्हाळाभर रोज गाणं म्हणजे काय असतं, ते रियाज करणाऱ्याला विचारावं. आळशी असता तर झोपला नसता का?

तेव्हापासून एक खोड लागली आहे. गोष्ट संपत आली की माझा अंगठा आपोआप शेवटच्या ओळीवर जातो. पुस्तक दुसऱ्याचं असलं तरी.

पुढे कधीतरी कळलं, की तत्त्वज्ञ रूसोनं १७६२ सालच्या 'एमिल' या मुलांच्या शिक्षणावरच्या पुस्तकात अशीच कुरकुर केली होती. कोल्हा आणि कावळ्याची गोष्ट वाचून मुलं कावळ्याला हसतात आणि कोल्ह्यावर लट्टू होतात. आणि मुंगीकडून शिकतात ते नुसतं 'नाही' म्हणायला नव्हे, वर टोमणा मारायलाही. माझी उत्तरपत्रिका त्याच्याकडे तपासायला जायला हवी होती.

त्याहून मोठा दिलासा इसापानंच दिला, म्हणजे त्याच्या नावावर चालणाऱ्या दुसऱ्या एका गोष्टीनं. तिच्यात मुंगी ही आधी माणूस असते, चांगला शेतकरी. पण आपल्या पिकावर त्याचं भागेना. शेजाऱ्यांच्या शेतातलंही उचलून आणायचा. ग्रीकांचा देव झ्यूस, त्यानं चिडून त्याची मुंगी केली. रूप गेलं, सवय राहिली. अजूनही दुसऱ्यांच्या रानातले दाणे वेचत हिंडते आहे. म्हणजे कष्टाळू म्हणून जिचे गोडवे गायले, ती जुनी भुरटी चोर! ही गोष्ट मुलांच्या पुस्तकात मी अजून पाहिलेली नाही.

आपल्या पंचतंत्राला तर असले संकोच नाहीतच. राजाच्या पोरांना सहा महिन्यांत शहाणं करायचं होतं, चांगलं नव्हे. पहिल्याच तंत्रात दमनक नावाचा कोल्हा सिंह आणि बैलाची मैत्री फोडतो, बैल मारला जातो, आणि दमनक? मंत्री. पुढे काही नाही. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा या लेखकानं या गोष्टी अरबीत नेल्या, तेव्हा त्याच्यानं हे बघवलं नसावं. त्यात दमनकावर, म्हणजे त्यांच्या दिम्नावर, खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते. ते आख्खं प्रकरण त्यानंच पदरचं जोडलं असं मानतात. ज्या माणसानं कोल्ह्याला कोर्टात उभं केलं, तो स्वतः मात्र राजकारणात मारला गेला. त्याच्यासाठी पुढचं प्रकरण कोणी जोडलं नाही.

त्याच्यावर हसावं असं मला वाटत नाही. रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला.

"मावशी, टोळ मेला का?"

"नाही गं. कुणीतरी घेतलं असेल घरात."

"मुंगीनं?"

मी जरा वेळ गप्प राहिले.

"मुंगीनं नाही," म्हटलं. "दुसऱ्या कुणीतरी."

"कुणी?"

झोप आता, म्हटलं.