खडवलीची भातसा: गळ घेऊन जाणाऱ्यांनी शनिवारी जाऊ नये

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी आणि माझे मेहुणे ठाणे जिल्ह्यातल्या खडवलीजवळ भातसा नदीच्या काठी सकाळी सात ते दुपारी दोन असे सात तास गळ टाकून बसलो होतो. त्या सात तासांत मोटरबोट आमच्या समोरून ३१ वेळा गेली. हा आकडा अंदाजाने सांगत नाही. पाचव्या फेरीनंतर मी वहीत वेळा टिपायला सुरुवात केली आणि आधीच्या चार फेऱ्या आठवून वर लिहिल्या. कळव्यातल्या एका सहकाऱ्यांनी, जे स्वतः वीस वर्षे गळ टाकत आले आहेत, आम्हांला छातीठोकपणे सांगितले होते की पूल सोडून वरच्या अंगाला गेलात की दुपारपर्यंत चिटपाखरूही फिरकत नाही. परत आल्यावर विचारले तेव्हा कळले की ते स्वतः तिथे २०१९ नंतर गेलेलेच नाहीत. तेव्हा पहिली गोष्ट ही, की भातसेबद्दल कोणी काही सांगितले तर ते शेवटचे कधी गेले होते हे आधी विचारून घ्यावे.

ठाणे-नवी मुंबईकडच्या गळकऱ्यांना भातसेची ओढ वाटण्याचे कारण साधे आहे. आपल्याकडच्या बहुतेक लहान नद्या होळीनंतर डबक्यांवर येतात. भातसेचे तसे होत नाही. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे भातसा धरणाचे असते आणि ते नदीच्या पात्रातूनच वाहत पिसे बंधाऱ्यापर्यंत येते व तिथून उपसले जाते. त्यामुळे मे महिन्यातही इथे वाहते पाणी असते, डोह भरलेले असतात आणि रोहू, मृगळ, शिंगाडा, मरळ, वाम असे मासे टिकून राहतात. बोटी इथे येण्याचे कारणही तेच आहे, हे मात्र माझ्या आधी लक्षात आले नाही.

जाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. ठाण्याहून कसारा किंवा आसनगाव लोकल पकडावी. टिटवाळा लोकल एक स्टेशन आधीच संपते. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने आमच्याकडे सामान पाहून दोघांचे २०० रुपये मागितले, अंतर मात्र सामान खांद्यावर असतानाही सहज चालून जाण्याजोगे आहे. रिक्षा करू नये. वरच्या डोहांकडे रिक्षा तशीही जात नाही. पुलापासून पुढे काठाकाठाने दगडगोट्यांतून चालावेच लागते, आणि ते ज्याला जमणार नाही त्याने हा बेत आखू नये. दुमडणारे रॉड, तळाला पकड असलेले बूट आणि माणशी तीन लिटर पाणी सोबत असलेच पाहिजे. मी शुक्रवारची रजा टाकून आदल्या दिवशीच वाशिंदला मावसभावाकडे गेलो होतो. शुक्रवारी त्यांच्या गावाजवळच्या वळणावर तीन रोहू मिळाले आणि दिवस निवांत गेला.

शनिवारी सातला गळ पाण्यात पडले. धुके होते, पाणी काचेसारखे स्थिर होते, आणि पहिल्या तासात मेहुण्यांना पाऊण किलोच्या आसपासचा एक शिंगाडा मिळाला. माझ्या बोयाजवळ रोहूचे बुडबुडे उठत होते, म्हणजे तळातला चारा उकरणे चालले होते. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना माहीत असेल, की अशा वेळी माणूस श्वाससुद्धा जपून घेतो. कणकेच्या गोळ्याला दोनदा टोच लागली आणि बोया अर्धा बुडून पुन्हा वर आला.

आठ वाजून वीस मिनिटांनी खालच्या बाजूने आवाज आला. नदीकाठच्या एका फार्महाऊसची फायबरची बोट होती, मागे आउटबोर्ड इंजिन, पुढे स्पीकर आणि आत सहाजण, त्यांपैकी एकाच्याही अंगात लाइफ जॅकेट नव्हते. पात्र त्या ठिकाणी फार तर चाळीस मीटर रुंद आहे. बोट मधून गेली तरी दोन्ही काठ तिच्या आवाक्यात येतात, हे नकाशात पाहून कळत नाही, तिथे बसल्यावर कळते.

पुढे जे झाले ते मी प्रत्येक फेरीला पाहिले म्हणून नीट लिहितो. लाट येण्याच्या आधी पाणी मागे ओढले जाते. माझ्या बुटांसमोरचा काठ दोन वीत उघडा पडला, चिखल चकाकला आणि त्यावर बोटाच्या पेराएवढ्या पंधरा-वीस मासोळ्या तडफडू लागल्या. दोन-तीन सेकंदांनी पाणी उसळून परत आले, गुडघ्यापर्यंत भिजवून गेले आणि जाताना काठाची माती घेऊन गेले. लाट ओसरल्यावर काही मासोळ्या दगडांच्या खाचांत अडकून राहिल्या होत्या. त्या मी हाताने पाण्यात सोडल्या. समोरचे पाणी चहासारखे झाले. रोहूचे बुडबुडे थांबले ते पुन्हा दिवसभर उठले नाहीत.

मासे बोटीला का घाबरतात याबद्दल आपल्यात बरेच गैरसमज आहेत, लाटेपेक्षा आवाजाचा त्रास मोठा असतो. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. रोहू, कटला, मृगळ आणि शिंगाडा या माशांच्या शरीरात हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे ती पिशवी नगाऱ्याच्या कातड्यासारखे काम करते आणि हे मासे इतर अनेक माशांपेक्षा तीक्ष्ण ऐकतात. नेमके हेच मासे आपण गळाला शोधतो. बोट दिसेनाशी झाली म्हणजे डोह शांत झाला असे धरून लगेच आमिष बदलणे म्हणजे आमिष वाया घालवणे. आमच्या डोहात अर्धा तास मोकळा मिळाला तेव्हाच कुठे एखादी टोच लागली, आणि असा अर्धा तास साडेनऊनंतर एकदाच मिळाला.

दहाच्या सुमारास मेहुण्यांनी हात करून बोट चालवणाऱ्या मुलाला हळू जाण्याची विनंती केली. तो मुलगा उद्धट नव्हता. त्याने मान हलवली आणि आमच्यासमोर येताना वेग निम्म्यावर आणला. त्या फेरीची लाट दिवसभरातली सर्वांत मोठी होती. आमिषांचा डबा, एक रीळ आणि माझी डब्याची पिशवी पाण्यात गेली. रीळ मिळाले, जेवणाचा डबा मिळाला नाही. कारण असे, की पूर्ण वेगात बोट पाण्यावर उचलली जाते आणि तुलनेने कमी पाणी ढकलते. निम्म्या वेगात तिचे नाक वर उठते, ढुंगण खाली बसते आणि ती नांगरासारखी पाणी फाडत जाते. म्हणून बोटवाल्याला नुसते ‘हळू चालवा’ असे कधीही सांगू नये. ‘चालण्याच्या वेगाने चालवा, मागे पांढरे पाणी दिसता कामा नये’ असे सांगावे. हे एक वाक्य मला सकाळी सुचले असते तर निदान दुपारचे जेवण वाचले असते.

आमच्यापासून थोडे वर एक कातकरी बाबा पाग, म्हणजे फेकायचे जाळे, टाकत होते. आमचा शनिवार वाया गेला, त्यांची तर त्या दिवसाची भाकर गेली. सकाळी लावलेल्या त्यांच्या जाळ्याची एक बाजू बोटीच्या पंख्यात गुंडाळून फाटली होती आणि ते काठावर बसून ती गाठी मारून सांधत होते. भरपाई मागितली का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “कोनाकडं मागायची? मशीन आली का मासा खाली बसतो, मंग दिसभर वर येत नाय. आमी आता रातचं येतो.” ज्या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या हे लोक उजेडात मासे धरत आले, तिथे त्यांना रात्री यावे लागावे याचा मला मनापासून संताप आला आणि तो लिहिताना अजूनही उतरलेला नाही.

अकराच्या सुमारास त्याच फार्महाऊसचा रखवालदार आला आणि काठावर बसण्याचे माणशी १५० रुपये मागू लागला. दमलेले असताना वाद नको म्हणून मेहुणे पाकीट काढत होते. मी त्यांना थांबवले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदीचे पात्र शासनाचे असते. आम्ही पात्रातल्या गोट्यांवर बसलो होतो, कुंपणाच्या आत नव्हतो. हे शांतपणे सांगितल्यावर आणि पावती मागितल्यावर तो निघून गेला. पैसे देऊ नयेत. मात्र कुंपण ओलांडून वाट काढू नये, कारण तेवढ्यावरून आपली बाजू पडते. मासेमारीचा हक्क ही वेगळी बाब आहे: काही पाण्यांवर तो स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा गावात विचारूनच गळ टाकावा.

बोटीलाही कायदा आहे. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे नद्यांवर चालणाऱ्या यंत्रचलित बोटीची नोंदणी आणि तपासणी झालेली असावी लागते व नोंदणीचा क्रमांक बोटीवर दिसेल असा लिहावा लागतो. आमच्या समोरून गेलेल्या बोटीवर रंगीत मासा काढलेला होता, क्रमांक कुठेही नव्हता. शेवटच्या काही फेऱ्यांत तिच्या मागे पाण्यावर तेलाचा इंद्रधनुषी पापुद्रा तरंगत होता आणि माझ्या तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, त्याचा चिकट वास लागला. मुंबईकरांच्या घरात येणारे पाणी याच पात्रातून जाते.

आता जे जाणारच आहेत त्यांच्यासाठी. शनिवार, रविवार आणि सुट्टीचा दिवस पूर्णपणे सोडावा. दुसरा आणि चौथा शनिवार तर नक्कीच, कारण त्या दिवशी बँका बंद असतात आणि माझ्यासारखे सगळेच बाहेर पडतात. आठवड्यातल्या दिवशीही उजाडण्याआधी गळ पाण्यात पडले पाहिजेत आणि नऊला गुंडाळण्याची तयारी हवी. सरळ, खोल, रुंद डोह कितीही मोहक दिसला तरी तिथे बसू नये, बोट तिथेच फिरते. खडकांची धार जिथे पात्र अडवते त्याच्या वरचा भाग निवडावा. गुडघाभर पाण्यात दगड असले की पंखा फुटण्याच्या भीतीने बोट येत नाही. आम्ही दुपारी परतताना अशी एक जागा पाहिली, आमच्या बैठकीपासून वीस मिनिटांवर, आणि तिथले पाणी तळ दिसण्याइतके नितळ होते. तिथे वाम आणि खवल्यांचे लहान मासे मिळतील, मोठा रोहू मिळणार नाही. पण शांतपणे बसता येईल.

सामान काठापासून निदान दोन मीटर वर ठेवावे. दुसरे, पाण्याच्या कडेला एक काठी रोवून तिच्यावर खूण करावी आणि दर अर्ध्या तासाने पाहावी. धरणातून सोडलेल्या पाण्याप्रमाणे इथली पातळी न सांगता वाढते. आम्हांला दहा ते बारा या वेळेत ती चार बोटे वाढलेली आढळली. खडवलीला पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येत राहतात, तेव्हा अडकलेला गळ सोडवण्यासाठी छातीभर पाण्यात उतरू नये. गळ दहा रुपयांचा असतो, तंगूस कापून टाकावा, आणि कापलेला तंगूस खिशात घालून घरी न्यावा.

मे अखेरपासून मरळ कडेच्या गवतात पिल्ले सांभाळते, नर-मादी दोघेही लालसर पिल्लांच्या थव्याखाली पहारा करतात. पहिल्या पुरात वलगणीचे, म्हणजे अंडी घालायला निघालेले, मासे वर चढतात. त्या दिवसांत आपण गळ टाकू नये हे जुने लोक पाळतात आणि ते बरोबर आहे. बोटींनाही त्या दिवसांत कडेच्या गवताजवळ बंदी हवी, एक लाट तो थवा विखुरते आणि विखुरलेले पिल्लू वाचत नाही.

रविवारी आम्ही टिटवाळ्याला उतरून काळू नदीवर गेलो. बोट नव्हती, दोन मृगळ मिळाले.

सोमवारी मी तहसील कार्यालयात लेखी तक्रार दिली आहे आणि पोच घेतली आहे. सोबत ३१ वेळांची यादी आणि क्रमांक नसलेल्या बोटीची चार छायाचित्रे जोडली आहेत. पुढे कोणी जाणार असेल तर त्यांनीही वही न्यावी: बोट कधी आली, कोणत्या दिशेने गेली, क्रमांक होता का, जॅकेट होते का आणि कोणाचे जाळे फाटले का, एवढे लिहावे. कातकरी बाबांच्या जाळ्याचा उल्लेख मी माझ्या तक्रारीत त्यांना विचारूनच केला आहे. ते रात्री कुठे बसतात हे मात्र लिहिलेले नाही, कारण लिहू नका असे त्यांनीच सांगितले.