तारांवर तांदूळ

एप्रिल उतरणीला लागला की आमच्या अमळनेरला दुपारी माणसं घरात आणि धान्य गच्चीवर. अशाच एका दुपारी माय पंख्याखाली तांदूळ निवडत बसली होती आणि मी मोबाइलवर फ्रेड फ्रिथ नावाच्या इंग्रज गिटारवाल्याला बघत होतो. मांडीवर आडवी टाकलेली गिटार. बुवांनी मूठ भरली आणि दाणे तारांवर सोडले. आवाज ऐकून मायने मान वर केली.

"तांदूय शे का तो?"

होता.

"मंग नंतर शिजाडस का?"

संगीत समीक्षकांना हा प्रश्न अजून सुचलेला नाही.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे असतात, त्याला पिकअप म्हणतात. तार हलली की वेढ्यांत वीज चमकते, तिचाच पुढे स्पीकरमधून आवाज होतो. तार कशाने हलवली याच्याशी त्या वेढ्यांना देणंघेणं नाही. नखाने हलवा, रंगाच्या ब्रशने हलवा, साखळी टाका. एरवी दाणा पडलेला शेजाऱ्यालाही कळणार नाही, इथे तो पत्र्यावर गार पडावी तसा वाजतो.

आजोबांच्या ओट्यावर सुतळीची बाज होती. ती सारखी ढिली पडायची. मग आजोबा पायथ्याची दोरी एकेक वेढा धरून ओढायचे आणि मध्येच टिचकी मारून कान द्यायचे. 'धप्' आलं की अजून ओढायची, 'टण्' आलं की झालं. (सुतळी 'टण्' करते का, हे विचारू नका. आजोबांची करायची.) मोठी माणसं झोपली की मी बाजेखाली शिरून खालून दोऱ्या छेडायचो. वर धोतरावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत असले तर फारच उत्तम. कडक झालेला बिबडा जागच्या जागी उडतो आणि पडताना जे बोलतो, ते कुठल्याही तबल्यात नाही. थोड्या वेळात आतून हाक यायचीच, "काय करी ऱ्हायना रे तठे?" आपल्या घरांत वाजवण्याची बंदी फार. रिकामी कात्री वाजवू नये, भांडणं होतात. आमच्याकडे भांडणं कात्रीशिवायही व्हायची, ते सोडा.

फ्रिथला कोणी अडवलं नसावं. जन्म १९४९चा, ससेक्समधला. पाचव्या वर्षी व्हायोलिन हातात, गिटार तेराव्या वर्षी. केंब्रिजला गेला इंग्रजी साहित्य शिकायला आणि तिथे १९६८मध्ये टिम हॉजकिन्सनबरोबर 'हेन्री काऊ' नावाचा बँड काढून बसला. १९७३च्या त्यांच्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर ना बँडचं नाव, ना कुणाचा चेहरा. नुसता एक मोजा. पुढच्याच वर्षी त्याने लंडनच्या एका छोट्या स्टुडिओत चार दिवसांत एकट्याच्या गिटारची तबकडी केली. गिटारच्या डोक्याकडच्या टोकालाही आणखी एक पिकअप बसवला, म्हणजे दाबलेल्या बोटाच्या पलीकडची तारही ऐकू यावी. तारेचा तो तुकडा तोवर बिचारा बिनपगारी होता.

मला मात्र त्याची १९८२ची जोडी जास्त आवडते, 'स्केलेटन क्रू'. तिघांचा बँड होता, दौऱ्याच्या तोंडावर तिसरा सोडून गेला. राहिले फ्रिथ आणि चेलो वाजवणारा टॉम कोरा. दोघांनी दुसरा माणूस शोधला नाही. हातांनी गिटार-चेलो, पायांनी ढोल, तोंडाने गाणं, सगळं दोघांतच उरकलं. लग्नसराईत वाजंत्री कमी पडले की आमच्याकडचा बँडवाला असंच करतो, फक्त त्याचं पोस्टर लागत नाही. कोरा १९९८मध्ये गेला, अवघ्या ४४ वर्षांचा. दुसऱ्याच वर्षी फ्रिथ कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजात संगीत शिकवायला लागला आणि २०१८पर्यंत तिथे होता. साहित्य शिकलेला माणूस.

आता खरं बोलायचं तर हे सगळं सलग ऐकवत नाही. पहिली काही मिनिटं जीव टांगणीला लागतो, मग दात आंबल्यासारखे होतात आणि मी जुनी लावणी लावतो. पण खोड जडली ती जडलीच. ताणलेलं काही दिसलं की बोट जातंच: कपडे वाळत घालायची तार, मांडवाचा दोर, झोपाळ्याची कडी. केळीच्या ट्रकवर आवळलेला दोर सर्वांत गंभीर बोलतो. परवा सावद्याला चहाला थांबलो, तर शेजारी भरलेला ट्रक उभा. छेडला. ड्रायव्हर माझ्याकडे बघत आला. मी काही बोलायच्या आत त्यानेही एक टिचकी मारली, कान दिला आणि म्हणाला, "ढिला आहे, भाऊ." आणि चाकावर पाय ठेवून दोर ओढायला लागला.