सोफा कम बेड घेताना आधी तो उघडून मोजा

लहान घरात सोफा कम बेड घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी रंग बघतात, मग कापड, मग तो त्या अमुक भिंतीला बसेल की नाही ते. मला विचाराल तर हे सगळं नंतरचं. पहिला प्रश्न एकच, त्याच्यावर झोपणार कोण आणि किती वेळा? कधीतरी येणारा पाहुणा आणि रोज रात्री तिथेच झोपणारा घरातला माणूस, या दोघांना एकच वस्तू चालत नाही, दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन्ही वस्तू कितीही सारख्या दिसल्या तरी. मी एका खोलीच्या घरात राहते, माझा सोफा हाच माझा पलंग आहे, त्यामुळे माझ्यासाठी हा फर्निचरचा कमी आणि झोपेचा विषय जास्त आहे. घर बदलताना मैत्रिणी फोन करून विचारतात तेव्हा प्रत्येकीला मी हेच सगळं सांगत बसते, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

तर मोजमाप. सोफा बंद असताना भिंतीपासून साधारण 85 ते 95 सेंटिमीटर पुढे येतो आणि लोक तेवढंच मोजून मोकळे होतात. पण ज्याच्या पोटात घडीची गादी असते आणि ती ओढून बाहेर काढायची असते, असा सोफा उघडला की भिंतीपासून पायथ्यापर्यंत सव्वादोन मीटरच्या आसपास जातो, म्हणजे सात फुटांच्या वर. लहान खोलीत हा फरक म्हणजे अर्धी खोली. म्हणून दुकानात जायच्या आधी घरी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरा किंवा कागदी चिकटपट्टी लावून उघडलेल्या बेडचा चौकोन आखा, आणि ती पट्टी एकदोन दिवस तशीच राहू द्या. त्या चौकोनाच्या बाहेरून चालून बघा. कपाटाचं दार पूर्ण उघडतंय का, बाथरूमला जायला वाट उरते का (निदान 60 सेंटिमीटर तरी हवी, अंधारात झोपेत चालायचंय हे लक्षात ठेवा), मोबाइल चार्जिंगचा प्लग सोफ्याच्या पाठीमागे तर जात नाही ना, डोकं बरोबर एसीच्या झोताखाली येतंय का. आणि टीपॉय! टीपॉयचा विचार कोणीच करत नाही. रोज रात्री तो उचलून कुठे ठेवणार? याचं उत्तर आधी ठरलं नाही तर सोफा कितीही चांगला असो, रोज झोपायच्या वेळी तुम्ही हातात टीपॉय घेऊन उभे राहणार. माझं मत विचाराल तर अशा घरात मोठा टीपॉय नकोच, बाजूला सरकवता येईल असं छोटं स्टूल पुरतं.

लांबीचंही तसंच. झोपणाऱ्याच्या उंचीत 15 ते 20 सेंटिमीटर मिळवा, तेवढी झोपायची लांबी हवी. पुष्कळ सोफ्यांत ती 180 ते 190 च्या मध्ये असते, मग उंच माणसाचे पाय बाहेर येतात नाहीतर डोकं हाताच्या दांड्याला लागतं. लेबलवर लिहिलेली लांबी कधीकधी दोन्ही बाजूचे हात धरून असते, त्यामुळे टेप घेऊन जा आणि आतली, खरी झोपायची जागा स्वतः मोजा.

आता उघडायची पद्धत, म्हणजे मेकॅनिझम, कारण माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे.

सगळ्यात जास्त दिसतो तो क्लिक-क्लॅक. पाठ थोडी पुढे ओढायची, टक असा आवाज येतो, की ती मागे आडवी होते आणि बसायचा भाग अधिक पाठ मिळून बेड तयार. सोपं, हलकं, पुढची जागा अडवत नाही. पण दोन गोष्टी. एक म्हणजे पाठ मागे पडते म्हणून भिंतीपासून थोडं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर रोज अख्खा सोफा पुढे ओढा (भिंतीला चिकटून उघडणारे प्रकारही मिळतात, लहान घरात तेच बघा). दुसरी म्हणजे मधली फट. पाठ आणि बैठक जिथे जुळतात तिथे लांबीत एक खाच राहते आणि बेडची रुंदी बऱ्याचदा 110-120 सेंटिमीटरच असते, म्हणजे एकटा माणूस मधोमध झोपला की बरोबर खाचेवर, आणि दोघं झोपले की प्रत्येकाला जेमतेम 60. दुकानात उघडायला लावा आणि त्या खाचेवरून पालथा तळहात फिरवा, मग कुशीवर झोपून कंबरेचं हाड तिथे येऊ द्या. बसून काहीच कळत नाही, कुशीवर झोपलं की दोन मिनिटांत कळतं. कधीतरी येणाऱ्या पाहुण्याला हा प्रकार छान, रोजच्या झोपेला मी तरी सुचवणार नाही.

दुसरा, पोटातून गादी निघणारा. वरच्या गाद्या काढायच्या, पट्टा धरून ओढायचं, तीन घड्यांची लोखंडी फ्रेम उलगडत बाहेर येते. याचा मोठा फायदा असा की तुम्ही बसता त्या फोमवर झोपत नाही, झोपायची गादी वेगळी असते, त्यामुळे बसून बसून खड्डा पडलेल्या जागी पाठ जात नाही. पण ती घडी होऊन आत मावायला हवी म्हणून पातळ ठेवलेली असते, 10-12 सेंटिमीटरच्या आसपास, आणि तिच्या खाली जो आडवा दांडा येतो तो बरोबर कंबरेच्या खाली. ज्यांची पाठ सोफा कम बेडवर दुखलेली असते त्यातल्या पुष्कळांचा राग खरं तर या दांड्यावर असतो. गादी वर उचलून खाली काय आहे ते बघा. नुसतं कापड ताणून स्प्रिंगांनी अडकवलंय का लाकडी पट्ट्या आहेत? पट्ट्या असतील तर जवळजवळ हव्यात, लांब लांब असल्या की गादी मधे खचते.

तिसरा, ड्रॉवरसारखा पुढे सरकणारा. बैठकीखालचा भाग चाकांवर बाहेर येतो, वर उचलला जातो आणि बैठकीच्या पातळीला येतो. फोम जाड मिळतो, भिंतीपासून हलवावं लागत नाही, उघडायलाही सोपा, एल आकाराच्या सोफ्यात तर शेजारच्या लांब भागाखाली पांघरुणं ठेवायची पेटी असते आणि लहान घरात ती पेटी म्हणजे मोठा आधार, कारण चादर, उशा, रजई हे सगळं दिवसा कुठेतरी जायला हवं ना. माझा याच प्रकारचा आहे. चाकं मात्र बघून घ्या, रबराची असली तर फरशीवर ओरखडे येत नाहीत, आणि खाली गालिचा असेल तर चाकं अडकतात आणि गालिचा गोळा होत जातो.

फुटॉनचं वेगळं आहे. जपानमधला मूळ फुटॉन म्हणजे सोफा नव्हेच, जमिनीवर अंथरायची कापसाची गादी, सकाळी घडी करून कपाटात ठेवली की खोली मोकळी. लाकडी चौकटीवर टाकून त्याचा सोफा करायची पद्धत नंतरची. कापूस दबतो, उन्हात घालावा लागतो, आणि बैठक खाली असते त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना उठताना त्रास होतो. माझी आई राहायला येते तेव्हा ती कुठे झोपते याच्याइतकंच ती सोफ्यावरून कशी उठते हे मला महत्त्वाचं वाटतं. जमिनीपासून 45 सेंटिमीटरच्या आसपास बैठक असली आणि हाताला टेकायला घट्ट दांडा असला की तिला कोणाचा हात लागत नाही.

मेकॅनिझमबद्दल मी एवढं बोलते त्याचं कारण असं की उघडायला जड असलेला सोफा कम बेड फार काळ सोफा कम बेड राहत नाही. एकतर तो कायमचा उघडा राहतो आणि घरात बसायला जागा उरत नाही, नाहीतर कायमचा बंद राहतो आणि माणसं त्या अरुंद सोफ्यावरच अंग चोरून झोपतात. दोन्ही मी ओळखीच्यांच्या घरी बघितलंय. अमेरिकेत बर्नार्ड कॅस्ट्रो नावाच्या सोफेवाल्याने हे फार आधी ओळखलं होतं, 1948 मध्ये त्याने टीव्हीवर जाहिरात केली त्यात त्याची चार वर्षांची मुलगी बर्नाडेट सोफा उघडून दाखवते. जाहिरात होती हे मान्य, पण कसोटी मला पटते. म्हणून दुकानात सेल्समनला बाजूला उभं राहायला सांगा आणि स्वतः उघडा, स्वतः बंद करा, वरच्या गाद्या उतरवण्यापासून ते परत लावण्यापर्यंत. जो माणूस घरी रोज हे करणार आहे त्यानेच करायचं, दमून आल्यावर रात्री अकरा वाजता हे जमेल का असं मनाशी विचारत. घरात लहान मूल असेल तर बिजागऱ्या आणि सांधे कुठे आहेत तेही बघा, बोटं अडकायच्या जागा असतात.

फोमबद्दल दुकानात खूप गोंधळ घातला जातो. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, आणि त्यावरून साधारण तो किती दिवस टिकेल ते कळतं, मऊ की कडक हे नाही. कमी डेन्सिटीचा फोमही नवा असताना कडक लागू शकतो आणि नंतर बसतो. रोज झोपायचं असेल तर मी 35-40 च्या खालचा घेणार नाही, पाहुण्यांपुरता असेल तर थोडा कमी चालून जातो. गुडघा टेकवून जोर द्या, खालची फळी गुडघ्याला लागली तर तो फोम रात्री कंबरेखालीही तेच करणार. मेमरी फोम अंगाला छान बसतो पण उष्णता धरून ठेवतो, ज्यांना गरम होतं त्यांनी विचार करावा. आणि सोफा चांगला आहे पण गादी पातळ आहे अशी अडचण असेल तर वरून पाच सेंटिमीटरचा टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायची पातळ जादा गादी, घाला, पुष्कळ फरक पडतो, फक्त तो दिवसा गुंडाळून कुठे ठेवायचा तेवढं बघा.

फ्रेम प्लायवूडची किंवा भरीव लाकडाची हवी. भुशाच्या बोर्डात नुसता सोफा एक वेळ टिकेल पण सोफा कम बेडच्या बिजागऱ्यांवर रोज ओढाताण होते, तिथले स्क्रू भोकं मोठी करत ढिले होत जातात आणि मग एक बाजू खाली झुकते. पुढचा एक पाय वीतभर उचलून बघा, दुसरा पुढचा पायही लगेच जमिनीवरून सुटला तर चौकट घट्ट आहे, तो जमिनीलाच चिकटून राहिला तर चौकट पिळली जातेय.

कापडावर मी जास्त वेळ घालवत नाही. चेन लावून काढता येणारं, धुता येणारं कव्हर असलं पाहिजे, कारण झोपलं की घाम, तेलकट केस हे सगळं आलंच. मार्टिनडेल नावाची कापड घासून बघायची चाचणी असते, तिचा आकडा लेबलवर असेल तर रोजच्या वापराला 20,000 च्या वर बघा. रंग तुम्हाला आवडेल तो.

घरात शिरतो का तेही आधीच बघा. लोखंडी मेकॅनिझमवाले सोफे भयंकर जड असतात आणि जिन्याच्या वळणावर अडकतात. दार, लिफ्ट, जिन्याचं वळण मोजा, आणि सोफ्याचे हात किंवा पाठ सुटी होते का ते विचारा.

आणि ज्यांना रोज दोघांना झोपायचंय त्यांना मी स्पष्टच सांगते, पैसे घालायच्या आधी दिवाणाचाही विचार करा. खरी गादी, दिवसा भिंतीकडे मोठ्या उशा, खाली सामानाचे खण. बसायला सोफ्याइतकं ऐसपैस नाही वाटत, पण झोप पूर्ण होते आणि काही ओढायचं-ढकलायचं नाही. एकट्या माणसाला मात्र चांगला सरकणारा सोफा कम बेड नक्की पुरतो.

घेतल्यावर एक सवय लावून घ्या. सकाळी उठल्या उठल्या बेड बंद करू नका. रात्रभराचा ओलावा गादीत असतो, तसाच आत कोंडला की वास धरतो, दमट हवेत बुरशीही येते. मी चादर काढून ठेवते, खिडकी उघडते, आंघोळ-आवराआवर होईपर्यंत तो उघडाच असतो, मग बंद. मधूनमधून बिजागऱ्यांचे स्क्रू आवळायचे, करकर वाजायला लागला तर सांध्यात थोडं वंगण घालायचं, आणि गादी सुटी असेल तर डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवायची.