बाबांसाठी स्पेशल गाडी केली, त्याची गोष्ट

आमच्या वावरात उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की पहाड दिसतो. सकाळी निळा, दुपारी धुरकट आणि पाऊस पडून गेला की एकदम शेजारी येऊन बसल्यासारखा हिरवा. अंजनगाव सुर्जीच्या पट्ट्यात कुणी "पहाडात पाणी हाये" म्हटलं की बाया वाळवण उचलायला पळतात. बाबा हे वाक्य साठ वर्षं बोलत आलेत. शहानूर धरणाचं पाणी, जे आमच्या नळाला येतं, तेही त्याच पहाडाचं. पण बाबा स्वतः वर कधी गेले नव्हते. पंढरपूर झालं, शेगाव तर पायी झालं. चिखलदरा साठेक किलोमीटरवर, पण ते "पिकनिकवाल्यायचं".

खरं सांगायचं तर मीही पाहिलं नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सहलीला सहा वेळा गेले आहे चिखलदऱ्याला, आणि सहाही वेळा फक्त मुलं मोजली आहेत. पंचेचाळीस, चव्वेचाळीस, पुन्हा पंचेचाळीस.

या वर्षी ठरवलं. कपाशीला खताचा दुसरा हप्ता देऊन झाला होता, निंदण आटोपलं होतं आणि पोळ्याला अजून आठवडा होता. पोळ्याच्या तोंडावर बैल सोडून बाबा कुठेच जाणार नाहीत, म्हणजे हीच संधी. शनिवार-रविवार नको, पावसाळ्यात त्या दोन दिवसांत अख्खा विदर्भ त्या घाटात असतो. बुधवारची किरकोळ रजा टाकली.

बाबांचा पहिला प्रश्न, "यष्टीनं काऊन नाही? मले तं फुकट हाये."

हा मुद्दा तगडा होता. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी २०२२ पासून मोफत, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. म्हणजे बाबांचं शून्य, आईचं, आत्याचं आणि माझं अर्धं. स्पेशल गाडीसमोर हा हिशेब टिकतच नाही. पण एसटी तुम्हाला स्टँडवर सोडते, आणि चिखलदऱ्याचे पॉइंट एकमेकांपासून लांब लांब विखुरलेले. बाबांचा उजवा गुडघा गेलेला. शेवटी मी म्हटलं, "पंधराशेत गाडी मिळते आहे." हे साफ खोटं होतं. ते "बरं" म्हणाले.

आता गाडीचं सांगते, कारण माझा सगळा जीव त्यातच गेला.

पहिल्या ट्रॅव्हल्सवाल्याने फोनवर दर सांगितला, किलोमीटरला १३ रुपये. ऐकायला स्वस्त. पुढे हळूच, "किमान ३०० किलोमीटर धरावे लागतात, मॅडम." आमच्या गावाहून जाऊन-येऊन, वरचं फिरणं धरून पावणेदोनशेच्या वर जात नाही. म्हणजे न फिरलेल्या सव्वाशे किलोमीटरचेही पैसे. त्यावर ड्रायव्हरचा भत्ता ४००, पार्किंग वेगळं. ४,३०० झाले की. मी ठोक विचारलं तर ३,८०० वर आला. मी दोन गोष्टी पक्क्या करून घेतल्या: गाडी पिवळ्या पाटीची हवी आणि दिवसभर आम्ही म्हणू तिथे थांबायचं. "हो हो" म्हणाला. ५०० रुपये ॲडव्हान्स पाठवले.

बुधवारी पहाटे साडेपाचला दारात गाडी आली ती पांढऱ्या पाटीची. कुणाची तरी घरची गाडी. ड्रायव्हर पोरगेलासा, म्हणे, "काही नाही होत ताई, सगळेच जातात." सगळेच जातात हे खरं आहे. पण घरगुती गाडी भाड्याने चालवताना काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. आमच्या नात्यात एकाने त्यापायी दोन वर्षं चकरा मारल्या आहेत. घाटाचा रस्ता, मागे आईवडील. मी नाही म्हटलं. आई हिरवं लुगडं नेसून, डबे बांधून ओसरीत उभी, आत्या कालपासून मुक्कामाला आलेली, आणि मी गाडी परत पाठवते आहे! बाबा काही बोलले नाहीत, नुसता अडकित्ता काढून सुपारी कातरत बसले. ते जास्त लागलं.

मग आमच्या शाळेच्या शिपाईभाऊंना फोन. त्यांच्या साडूचा पोरगा परतवाड्याचा, स्वतःची सात सीटची गाडी, पिवळी पाटी. त्याने ठोक ३,५०० सांगितले, डिझेल आणि त्याचं जेवण त्याच्याकडे, नाका-पार्किंग आमच्याकडे. एकाच वाक्यात बोलणी संपली. तरी मी व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं, मास्तरीण ती मास्तरीणच. आठ वाजता निघालो. ॲडव्हान्सचे ५०० आजवर परत आलेले नाहीत, "टाकतो ना मॅडम" एवढंच येतं.

परतवाड्याच्या पुढे धामणगाव गढी सोडलं की रस्ता उचलतो. ड्रायव्हरभाऊने तिथे गाडी थांबवून आईला पुढच्या सीटवर बसवलं. "माय, समोर रस्त्याकडं पाहा, बाजूले नको." मी अर्ध्या तासापूर्वी तिला गोळी दिलेलीच होती, वर आवळासुपारी. मागे बसलेल्या आत्याकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं, आणि तिसऱ्या वळणावर तिने पिशवी मागितली. असो.

सागाची पानं या दिवसांत ताटाएवढी असतात. त्यांच्यावर पाऊस पडतो तेव्हा आवाज टिनावर पडल्यासारखा येतो. एका जागी बाबा म्हणाले, "थांबव बरं." का, ते सांगितलं नाही. उतरले, रस्त्याच्या कडेची माती बोटांनी उकरली, चोळली, वास घेतला. "मुरमाड हाये. पाणी धरत नाही, म्हून सारं आपल्याकडं येते." परत येऊन बसले. ड्रायव्हर हसला नाही, आणि मला तो तिथेच आवडला. अशा एकूण अकरा थांबण्या झाल्या, त्यातल्या चारच नकाशावरच्या पॉइंटच्या.

वर गेलो आणि समोर काहीच नाही. पांढरं. देवी पॉइंटला ढग इतका दाट की चार हातांवरचा माणूस आवाजावरून ओळखायचा. खडकातून थेंब थेंब पाणी गळतं तिथल्या देवीला आईने आणि आत्याने नारळ फोडला, त्यांचं अर्धं काम झालं. बाबा कठड्याशी उभे. "हेच पाहाले आणलं का?" एका बसमधून चाळीसेक माणसं उतरली, पांढऱ्या पडद्यापुढे फोटो काढले आणि दहा मिनिटांत शिट्टी वाजवून सगळी पुन्हा बसमध्ये. मला माझीच सहल आठवली.

आम्ही थांबलो. घाई नव्हती, गाडी आमची होती. एक कोरकू बाई कोळशावर भुट्टे भाजत होती, वर निळं मेणकापड बांधलेलं. आई तिच्याशी वऱ्हाडीत बोलत होती, ती आईशी हिंदीत, आणि दोघींचं मस्त चाललं होतं. कोरकू ही मराठीची कुणीच लागत नाही, ती मुंडा कुळातली भाषा. मेळघाटातल्या सिपना नदीचं नाव तिच्यातलंच, सिपना म्हणजे सागवान. हे मी वर्गात सांगते. त्या दिवशी मात्र आईला विचारलं काय बोललात, तर म्हणाली, "सुनेचं." बाईने लिंबाच्या फोडीवर तिखट-मीठ लावून ती भुट्ट्यावर अशी फिरवली की एक दाणा सुटला नाही. बाबांनी दोन खाल्ले. दातांचा प्रश्न असताना.

पाऊण तास गेला असेल. मग वारा आला आणि ढग खालून फाटला. आधी दरीच्या तळाची झाडं दिसली, मग समोरच्या कड्यावरून पडणारं पाणी, मग दुसरं, मग तिसरं. मिनिटभर. पुन्हा पांढरं. आत्या मोबाइल शोधत राहिली आणि तिचं सगळंच हुकलं. कीचकाला भीमाने मारून याच डोंगरातल्या दरीत फेकलं, कीचकदरा म्हणून चिखलदरा, ही गोष्ट आईला माझ्याहून चांगली येते. तिने ती ड्रायव्हरला सांगितली. त्याने आयुष्यात शंभर वेळा ऐकली असणार, तरी "असं व्हय?" म्हणाला.

गाविलगडावर बाबांना चढवलं नाही. दरवाजापर्यंत गेलो, तिथे दगडात कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड, म्हणजे पुराणातला पक्षी आहे, त्याच्याखाली ते पायरीवर बसले. मी त्यांना सांगितलं, इंग्रजांनी तोफा डोंगराला वळसा घालून बैलांनी ओढत उत्तरेच्या बाजूला आणल्या, तट पाडला आणि १५ डिसेंबर १८०३ ला किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोन दिवसांनी देवगावला भोसल्यांचा तह झाला, आणि ३० डिसेंबरला शिंद्यांचा तह, आपल्या सुर्जी-अंजनगावचा. ज्या इंग्रज सेनापतीने, वेलस्लीने, हे केलं त्यानेच पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बैल आपल्याकडचेच असतीन ना?"

मला उत्तर आलं नाही. बावीस वर्षं शिकवते आहे, हा प्रश्न एकाही मुलाने विचारलेला नाही.

कॉफीचं मात्र सांगायलाच हवं. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथे, हे त्यांना पटतच नव्हतं. एका बागेच्या कुंपणाशी थांबलो. मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपं, आणि फांदीला चिकटून हिरव्या फळांचे घोस, पिकायला अजून वेळ. बाबांनी कुंपणातून हात घालून पान उलटं केलं. कीड पाहत होते. कपाशीवर साठ वर्षं हेच केलं की कुठलंही पान सरळ बघवत नाही. "सावलीतलं पीक! आपल्याकडं सावली पडली का तूरही येत नाही." मग उतारा किती, भाव किती. मला दोन्ही माहीत नव्हतं. टपरीवर तीच कॉफी मिळाली तर एक घोट घेऊन कप आत्याकडे सरकवला आणि चहा मागवला. रबडी मात्र दोनदा घेतली. वरच्या गवळ्यांची रबडी, तिला नावं ठेवायला जागा नाही.

पंचबोल पॉइंट शेवटचा ठेवला होता. इथे आवाज दिला की समोरच्या डोंगरांवरून पाच वेळा परत येतो म्हणतात, नाव त्यावरूनच. काही कॉलेजची पोरं आपापल्या मैत्रिणींची नावं ओरडत होती. ती गेल्यावर बाबा पुढे झाले. मला वाटलं देवाचं नाव घेतील. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर देतात तशी हाक दिली, "ढवळ्याऽऽऽ!"

ढवळ्या आमचा बैल होता. तीन वर्षांपूर्वी गेला.

हाक परत आली. मी तीनपर्यंत मोजली, पुढचं वाऱ्यात गेलं. आई म्हणाली, "झालं तुमचं? चाला, अंधार पडते." बाबा वळले, टोपी नीट केली आणि आले.

उतरताना पुन्हा ढग लागला. ड्रायव्हरने दिवे खाली पाडले. वरचा झोत धुक्यात लावला तर उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो, म्हणाला. गिअर खालचाच ठेवला, ब्रेकवर पाय जवळजवळ नाहीच. "ज्या गिअरवर चढलो, त्याच्यावरच उतराचं." मागून एक पांढऱ्या पाटीची गाडी हॉर्न मारत वळणावरच पुढे गेली. मी काही बोलले नाही, पण बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळचा हिशेब तेवढ्यात मिटला.

वाघ दिसला नाही. तो दिसणारही नव्हता, मेळघाट १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे म्हणून तो काही रस्त्यावर हजेरी लावत नाही, आणि पावसाळ्यात कोअरमधली सफारीही बंद असते. वानरं दिसली, रग्गड. एकाने आत्याचा केळ्यांचा घड पळवला. तिचा दिवसच तसा होता.

घरी पोचलो तेव्हा मीटरवर १६८ किलोमीटर. ३,५०० दिले, नाका-पार्किंगचे १५० च्या आत. ड्रायव्हरला वरून दोनशे देत होते तर घेईना, आईने मग डब्यातल्या उरलेल्या पुरणपोळ्या बांधून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन वावरात गेले. पाऊस उघडला होता, पहाड स्वच्छ दिसत होता. बाबा धुऱ्यावर उभे राहून शेजारच्या काकांना दाखवत होते, "थो खोंगा दिसते ना, त्याच्या उजव्या अंगाले. तठी आमी भुट्टे खाल्ले." काका डोळे बारीक करून बघत होते. मग त्यांनी विचारलं, गाडीचे किती पडले?

"पंधराशे," बाबा म्हणाले. "दिसभराचे. म्हटलं तठी थांबते."

तेव्हापासून मला गावातून चार फोन आले आहेत. सगळ्यांना तीच गाडी हवी आहे, पंधराशेत.